खुर्चीचा पाचवा पाय

थोर माणसांनी आयुष्यात काय केलं ते मला फारसं ठाऊक नाही. त्यांनी काय म्हटलं ते मात्र मला तोंडपाठ आहे, कारण वाराणसीच्या एका सरकारी कचेरीत दीड वर्ष रोज सकाळी पावणेदहाला मी ते खडूनं फळ्यावर लिहीत होतो. खात्याचं नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं नोकरीला आहेत आणि त्यांना दुपारी वाचायला भरपूर वेळ असतो.

स्वातंत्र्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. देश कसा चालवायचा हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, कचेरी कशी चालवायची ते तेवढं राहिलं होतं. अशा वेळी लखनौहून आमच्याकडे नवे साहेब आले. येताना त्यांनी एक थर्मास आणला, एक उशी आणली आणि लाल कापडी बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ आणला. जगभरच्या थोर स्त्री-पुरुषांनी काम, कष्ट, वक्तशीरपणा वगैरेंवर जे जे उद्गार काढले होते ते त्यात एकत्र केले होते. साहेबांची अशी पक्की समजूत होती की कचेरीतला कुठलाही प्रश्न या ग्रंथाच्या बाहेरचा असूच शकत नाही.

रेकॉर्ड रूमचं छत गळत होतं. आम्ही दुरुस्तीसाठी टिपण पाठवलं. टिपण परत आलं तेव्हा समासात साहेबांच्या हिरव्या शाईत एका थोर पुरुषाचा विचार होता, संकटाच्या धारेखाली चारित्र्य उजळतं अशा आशयाचा. त्या पावसाळ्यात आमच्या निम्म्या फायलींचं चारित्र्य इतकं उजळलं की त्यांवर एक अक्षर शिल्लक राहिलं नाही. हिंदी टाइपरायटरचा ‘र’ तुटला होता. त्यावर उत्तर आलं की कुणा महान वादकानं एक तार तुटलेली असताना अख्खी मैफल पार पाडली होती. तेव्हापासून ‘सरकार’ हा शब्द आम्ही ‘स का’ असा टाइप करत असू आणि उरलेलं सरकार पेननं भरत असू.

मग साहेबांनी दारातच काळा फळा लावून घेतला. वर पांढऱ्या रंगात ‘आज का विचार’. आत येणाऱ्यानं आधी फळा वाचायचा, मग हजेरीपटावर सही करायची. लिहिणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर चांगलं होतं. नोकरीत चांगलं अक्षर असणं ही किती धोक्याची गोष्ट आहे, यावर एकाही थोर पुरुषानं काही म्हटलेलं नाही.

हे अक्षर मला अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळालं. आम्ही दुर्गाघाटावर राहत होतो. घरात मी आणि अण्णा दोघंच, आई बरीच वर्षं आधी गेली होती आणि माझं लग्न व्हायचं होतं. अण्णा पोथ्या लिहीत. लिहीत म्हणजे रचत नव्हते, उतरवून काढत. रामघाटच्या पाठशाळेतली एखादी पोथी जीर्ण झाली की ती आमच्याकडे येई आणि अण्णा बोरूनं तिची नक्कल करत. त्या कामाचा एकच नियम होता आणि तो मला पाटीवर मुळाक्षरं गिरवायच्या वयात सांगितला गेला होता. समोर जे आहे तेच उतरायचं. मूळ चुकलेलं दिसलं तरी चूक तशीच उतरायची, बाजूला बारीक खूण करायची, पण पदरचं अक्षर घालायचं नाही. आपलीच चूक झाली तर तिच्यावर पिवळा हरताळ फासून पुन्हा लिहायचं. आणि शेवटी, जसं पाहिलं तसं लिहिलं, या अर्थाची एक ओळ टाकून खाली स्वतःचं नाव, गाव.

मी सरकारी नोकरीला लागलो तेव्हाच अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरायला लागला होता. पुढे दिसणं जवळपास थांबलं, बोरू पेटीत गेला. त्याआधी, आई गेली त्या वर्षीच, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. यात घरदार सोडायचं नसतं, फक्त काशी सोडायची नसते. पंचक्रोशीच्या हद्दीबाहेर मरेपर्यंत पाऊल टाकणार नाही, असा गंगेत उभं राहून संकल्प करायचा. अण्णा त्यानंतर मुगलसरायला सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेले नाहीत. समोरच्या तीराची वाळू आमच्या खिडकीतून दिसायची, तिथेही गेले नाहीत.

रोज पहाटे मी त्यांना हात धरून घाटावर स्नानाला नेत असे. आमच्या घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, मधल्या दोन खचलेल्या. मी नुसतं “आता” म्हणायचो आणि ते पाऊल लांब टाकायचे. मी एकदा तापानं पडलो होतो तेव्हा शेजारच्या काकांनी नेलं. काकांना बोलण्याच्या नादात खचलेली पायरी सांगायची राहिली आणि अण्णा गुडघा फोडून घेऊन आले. त्यानंतर दुसऱ्या कुणाचा हात धरायला ते तयार होईनात. तो विषय तिथेच संपला होता.

तर फळा. साहेबांची अट अशी की एक विचार दुसऱ्यांदा यायला नको. ग्रंथ संपत आला होता आणि त्यात साहेबांनी तो उरलेल्या विचारांसकट लखनौच्या मोठ्या साहेबांना वाचायला दिला. मोठ्या साहेबांनी तो कायमचा वाचायला घेतला. मी आठवडाभर वैद्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवरच्या सुविचारांवर दिवस काढले. मग एका सकाळी हातात खडू आणि डोक्यात काहीच नाही, अशी वेळ आली. पावणेदहा वाजले होते. मला आईचं एक बोलणं आठवलं, मी लोळत पडलो की ती म्हणायची ते. त्याचं हिंदी करून फळ्यावर लिहिलं: “जो सुबह चाय की राह देखता है, उसके काम दिन भर उसकी राह देखते हैं।” खाली लिहिलं, “एक चीनी संत.”

साहेब आले, थांबले, मान डोलावली, खिशातली डायरी काढून उतरवून घेतलं आणि आत जाऊन चहा मागवला. मी सुटकेचा श्वास टाकला. नियम मोडल्याची टोचणी मला लागली होती, नाही असं नाही. पण ती जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकली.

हळूहळू मला या धंद्यातली मेख कळली. थोर पुरुष भारतीय असला की साहेब विचारायचे, कुठल्या ग्रंथात, कुठल्या प्रसंगी. परदेशी असला की देश सांगितला तरी पुरे. आणि देश जितका लांबचा तितका साहेबांचा चेहरा गंभीर व्हायचा. माझी आई, जिनं गंगेपलीकडचं रामनगर जन्मात दोनदा पाहिलं, ती त्या वर्षी चीनमधून, जर्मनीतून आणि एकदा तर स्वीडनमधूनही बोलली. आई संपली तेव्हा मी स्वतःच बोलायला लागलो. लोक थांबून वाचत होते, कुणी कुणी उतरवून घेत होते. मला ते आवडायला लागलं हे कबूल करतो. कचेरीतला सगळ्यात खालचा बाबू रोज सकाळी सगळ्यांना उपदेश करत होता आणि सगळे माना डोलवत होते. असं सुख फार थोड्या बाबूंच्या वाट्याला येतं.

आता बड़े बाबू. म्हणजे आमचे हेडक्लार्क, जातिवंत बनारसी गृहस्थ. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तिच्यावर गादी, शेजारी पानाचा डबा, आणि सतरा वर्षं तिथून ते हलले नव्हते. आईच्या श्राद्धाच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. अर्ज तासाभरानं परत आला, वर बड़े बाबूंचा शेरा: “आज का विचार देखें।” मी फळ्याकडे पाहिलं. “छुट्टी थके हुए को नहीं, आलसी को चाहिए। — एक जर्मन विचारक.” सकाळी मीच लिहिलं होतं. शहाण्या माणसानं तिथेच खडू खाली ठेवला असता. मी मात्र संतापलो, आणि तेही स्वतःवर नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी गेलो आणि माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं: “जो बरसों एक ही कुर्सी पर बैठा रहता है, वह आदमी नहीं रहता, कुर्सी का पाँचवाँ पाया हो जाता है। — एक यूनानी दार्शनिक.” म्हणजे कुणा ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या मते, जो माणूस वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसतो तो माणूस उरत नाही, खुर्चीचा पाचवा पाय होतो. आत येणारा प्रत्येक जण फळा वाचायचा आणि मग खिडकीकडे बघायचा. बड़े बाबू आले, त्यांनी वाचलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मग म्हणाले, “बढ़िया लिखे हैं यूनानी जी।” आणि जाऊन आपल्या गादीवर बसले.

माझा दिवस फार चांगला गेला.

साहेबांवर त्या वाक्याचा असा परिणाम झाला की मी घाबरलोच. त्यांनी ते डायरीत घेतलं, लखनौच्या बैठकीत भाषणात म्हटलं, तिथे टाळ्या पडल्या. परत आल्यावर सगळ्यांना बोलावून त्यांनी जाहीर केलं की कार्यालयातली जडता आता संपवायची. जो सगळ्यात जास्त वर्षं एका पदावर आहे त्याची बदली करायची. यादी करायचं काम अर्थातच हेडक्लार्कचं. बड़े बाबूंनी यादी मन लावून केली. त्यांच्या पदाचं नाव तीन वर्षांपूर्वी सरकारनं बदललं होतं, त्यामुळे नियमाप्रमाणे ते त्या पदावर तीनच वर्षं होते. बाकीच्यांना अधूनमधून बढत्या मिळाल्या होत्या. एकाच पदावर सलग नऊ वर्षं बसलेला, बढती न मिळालेला, असा यादीत पहिला कोण निघाला हे वाचकांनी ओळखलं असेल.

हुकूम आला. गोंडा, म्हणजे अयोध्येच्याही पलीकडे, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. हुकुमाच्या माथ्यावर यूनानी तत्त्ववेत्त्याचं वाक्य टाइप केलेलं होतं आणि त्यातले ‘र’ बड़े बाबूंनी पेननं व्यवस्थित भरले होते.

मी अर्ज केला. वडिलांना दिसत नाही, त्यांचा क्षेत्रसंन्यास आहे, ते काशी सोडू शकत नाहीत आणि माझ्याशिवाय त्यांना कुणी नाही, एवढंच लिहिलं. साहेबांनी सहानुभूतीनं वाचलं. मग त्यांनी मला एका सेनापतीची गोष्ट सांगितली, ज्यानं लढाईच्या दिवशी घरून आलेलं पत्र फोडलंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, “साहब, पिताजी को घाट की सीढ़ियाँ उतरनी होती हैं।” साहेब म्हणाले, “देखिए, महापुरुषों ने छोटी बातों को कभी बड़ा नहीं होने दिया।”

विषानं विष उतरवावं म्हणून दुसऱ्या सकाळी मी फळ्यावर लिहिलं: “पुराने पेड़ को उखाड़कर दूसरी जगह लगाने वाला माली नहीं, लकड़हारा है। — एक जापानी संत.” साहेबांनी डायरी काढली. “वाह!” म्हणाले. मी आशेनं विचारलं, यूनानी म्हणतात हलवा आणि जपानी म्हणतात हलवू नका, मग करायचं काय? साहेब हसले. महापुरुष एकमेकांचं खंडन करत नाहीत, ते एकमेकांना पूरक असतात, असं त्यांनी मला समजावलं. गोंडा कायम राहिलं.

शेवटी मी त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. “साहब, वह वचन किसी यूनानी का नहीं है। मैंने लिखा है।”

साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आपने?”

“जी.”

“आप तो लोअर डिवीज़न में हैं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, जी, नऊ वर्षं. मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. बदलीच्या धक्क्यानं माणूस काहीही बोलतो, मी हे ऐकलंच नाही असं समजतो. पण असं वाक्य यायला दोन हजार वर्षांची संस्कृती पाठीशी लागते. लखनौला त्यावर टाळ्या पडल्या आहेत. स्वतःचं वाक्य इतकं चांगलं असल्याबद्दल इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

आता अण्णांना सांगणं भाग होतं. चार दिवस मी ते टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी, स्नान झाल्यावर, ते खालच्या पायरीवर ओला पंचा पिळत बसले होते तेव्हा सांगितलं. बदलीचं सांगितलं आणि कशामुळे झाली तेही सांगितलं.

मला वाटलं होतं, ते आधी गोंड्याबद्दल विचारतील.

“किती दिवस लिहीत होतास असं?” ते म्हणाले.

“सात-आठ महिने.”

“मूळ न बघता?”

“मूळ नव्हतंच, अण्णा.”

“आणि शेवटी नाव? ते कुणाचं घालायचास?”

“कुणाचंही. चिनी, जर्मन, यूनानी.”

“ती माणसं होती?”

“नाही.”

अण्णा बराच वेळ पंचाच पिळत राहिले, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. मग म्हणाले, “चोरी केली असतीस तरी चाललं असतं रे. मतलब, चोरीत मूळ मालक तरी असतो.”

मला लाज वाटत होती आणि ती या वेळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकणारी नव्हती. आम्ही उठलो, पायऱ्या चढायला लागलो. पहिल्या खचलेल्या पायरीशी मी “आता” म्हटलं. त्यांनी पाऊल टाकलं, तिथेच थांबले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “गोंड्याला नदी आहे का रे?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हा माणूस भाचीच्या लग्नाला मुगलसरायला गेला नव्हता.

“अण्णा, तुमचा संकल्प आहे,” मी म्हटलं.

“आहे ना. मी माझ्या तोंडानं केलाय, मोडायचा तर मीच मोडीन. तू फक्त एवढं कर, तिथं कोणी विचारलं तर त्याला कुणा यूनान्याचं नाव लावू नकोस. जल्दी चल, दफ्तर आहे तुझं.”

त्या दिवशी मी साडेनऊलाच कचेरीत पोचलो. कालचा विचार पुसला आणि तेच खुर्चीचं वाक्य पुन्हा लिहिलं, शब्द न शब्द. त्याच्याखाली लिहिलं: “यह वाक्य किसी यूनानी का नहीं, इसी कार्यालय के एक बाबू का है। चीनी, जर्मन और जापानी भी वही है। दोष लिखने वाले का।” आणि मग पोथीच्या शेवटी लिहितात तसं माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, दुर्गाघाट, काशी. अक्षर चांगलं आलं.

कचेरी फळ्यासमोर गोळा झाली. साहेब आले. त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मला क्षणभर त्यांची कीव आली. टाळ्या लखनौला पडल्या होत्या आणि त्या परत करायची काही सोय नव्हती. मग ते सावरले. इतक्या लोकांसमोर एका बाबूवर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन हजार वर्षांच्या संस्कृतीवर विश्वास ठेवणं त्यांना परवडण्यासारखं होतं. चपराशाला फळा पुसायला सांगून ते आत गेले आणि त्यांनी बड़े बाबूंना बोलावलं.

तासाभरानं माझ्या टेबलावर आरोपपत्र आलं. आरोप असा, की मी एका जगप्रसिद्ध यूनानी तत्त्ववेत्त्याचं वचन स्वतःच्या नावावर खपवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे माझंच वाक्य मी चोरलं होतं आणि त्याबद्दल माझी खातेनिहाय चौकशी होणार होती. हे वाचून मी इतका सुन्न झालो की शेवटच्या परिच्छेदाकडे माझं लक्षच गेलं नाही. बड़े बाबू समोर उभे होते. त्यांनी बोटानं तो परिच्छेद दाखवला. “जाँच पूरी होने तक कर्मचारी बिना लिखित अनुमति मुख्यालय वाराणसी नहीं छोड़ेगा। तब तक स्थानांतरण आदेश स्थगित रहेगा।”

मी दोनदा वाचलं. चौकशी संपेपर्यंत मी वाराणसी सोडायची नव्हती आणि तोवर बदली स्थगित होती.

“नियम है,” बड़े बाबू म्हणाले.

“साहब ने यह पढ़ा है?”

“साहब महापुरुषों को पढ़ते हैं। हमरा लिखा पर तो दस्तख़त करते हैं।”

त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, पानाचा डबा उघडला, पुन्हा मिटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “लिस्ट तो हम ही बनाए थे न, गुरु। अंधे क्षेत्रसंन्यासी का नेम टूटता तो पाप किसके सिर जाता? यूनानी तो लेने से रहा।” दोन पावलं गेले आणि परत वळले. “और ऊ पाया हम ही हैं, ई हमको पहिले दिन से मालूम है। पिताजी को हमारा प्रणाम कहिएगा।”

मी माफी मागायला उठून उभा राहिलो. जगातल्या पाच देशांच्या वतीनं रोज बोलणारा मी, त्या दिवशी मला एक वाक्य जमलं नाही. बड़े बाबूही थांबले नाहीत. ते आपल्या गादीवर जाऊन बसले होते.

घरी येऊन अण्णांना आरोपपत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि ते हसायला लागले. आई गेल्यावर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. “अरे, म्हणजे सरकारनं तुलाही क्षेत्रसंन्यास दिला की! कधीपर्यंत?”

“चौकशी पूर्ण होईपर्यंत.”

“मग जन्माचाच झाला,” अण्णा म्हणाले.

चौकशीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. चौकशी अधिकाऱ्यानं वचनाचं मूळ मागवलं. त्यासाठी विद्यापीठाला पत्र गेलं. विद्यापीठानं विचारलं, तत्त्ववेत्त्याचं नाव काय? ते पत्र खात्यानं माझ्याकडे पाठवलं, कारण नाव ठाऊक असण्याची शक्यता आरोपीलाच जास्त. मी उत्तर दिलं की नाव फळ्यावर लिहिलं होतं आणि फळा पुसला गेला आहे. फाइल अशी हिंडत राहिली. साहेब बदलून गेले, फळ्यावर सुट्ट्यांची यादी लागायला लागली. आणखी दोन साहेबांनी मला बोलावून सांगितलं की वाक्य यूनानी माणसाचंच होतं एवढं लिहून द्या, माफी मागा, चौकशी बंद करतो, बढती मिळेल. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. पहिल्या वेळी अण्णांसाठी, कारण चौकशी संपली की गोंडा पुन्हा जिवंत झालं असतं. दुसऱ्या वेळी अण्णा नव्हते. तेव्हा बहुतेक सवयीनं म्हटलं असेल, किंवा आरोपपत्रावरचं ते एकच वाक्य माझं होतं म्हणून. मी त्याच पदावर, त्याच खुर्चीत निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात एका तरुण अधिकाऱ्यानं माझ्या निष्ठेचं कौतुक करताना कुणा यूनानी तत्त्ववेत्त्याचं खुर्चीवरचं एक वाक्य सांगितलं, अर्थ न कळता. मी टाळ्या वाजवल्या.

अण्णा चौकशीच्या नवव्या वर्षी गेले. सकाळी, दुर्गाघाटाच्या घरात, खिडकी उघडी असताना. आदल्या दिवशीपर्यंत मी त्यांना पायऱ्या उतरवत होतो. बड़े बाबू तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. आम्ही चौघं अण्णांना उचलून गल्लीत आलो तेव्हा ते पिंपळाच्या पाराशी पायांतल्या वहाणा काढून उभे होते, तोंडात पान नव्हतं.

मी म्हटलं, “बड़े बाबू, इस उमर में आप क्यों...”

“आगे बहुत सीढ़ियाँ हैं, गुरु,” ते म्हणाले. “कंधा बदलने को पाँचवाँ चाहिए होता है।”

खचलेल्या पायऱ्यांच्या आधी त्यांनी माझ्या शेजारून पुढे येऊन खांदा दिला. तिथे पोचलो तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून “आता” निघालं, आणि बड़े बाबूंनी पाऊल लांब टाकलं.